पद्मीच्या घरची खिरापत

"खोबऱ्याची वडी. आणि रंगाला बीट घातलंय."

मी एवढं बोलले आणि राजीच्या आईचा चेहरा पडला. बिचारीनं अजून डबा उंबऱ्याबाहेरही आणला नव्हता. डबा हलवायचा, पोरींनी तो कानाशी धरायचा, "लाडू!" "चिवडा!" असा दंगा करायचा, मग हरून "सांगा की काकू" म्हणून विनवण्या करायच्या, ही सगळी मजा मी जागच्या जागी बसून एका दमात संपवली होती.

"ही पद्मी पोरगी न्हवंच, मांजर हाय," राजी फणकाऱ्यानं म्हणाली.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत हस्ताच्या दिवसांत रोज एकीच्या घरी हादगा असायचा. पाटावर खडूनं हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. खिरापत काय आहे ते सांगायचं नाही, झाकून आणायची आणि पोरींनी ओळखायची. फेर धरायला लागणारे पाय माझ्याकडे नव्हते. म्हणजे होते, पण जन्मापासून रजेवर होते. म्हणून पप्पांनी मागाच्या कारखान्यातली सुताच्या कांड्या वाहायची एक जुनी ट्रॉली मिळवली आणि तिच्यावर प्लॅस्टिकची खुर्ची बांधली. ती ट्रॉली थेट हत्तीच्या शेजारी उभी केली जायची. पोरी हत्तीभोवती फिरतायत की माझ्याभोवती, हे त्या हत्तीलाही कळत नसावं.

पायांसारखाच माझा गळाही कामचुकार. काही गिळलं की ते पोटाऐवजी श्वासाच्या वाटेला जायचं. म्हणून मी अगदी लहान असतानाच डॉक्टरांनी पोटाला एक भोक पाडून त्यात नळी बसवली होती. माझं जेवण म्हणजे सगळं शिजवून, वाटून, गाळून, मोठ्या सिरिंजमधून त्या नळीत सोडायचं. तोंडानं काही म्हणजे काही नाही. बोलायला मात्र तोंड मोकळं होतं आणि मी त्याचा पुरेपूर वापर करत होते. शिवाय गळ्यात केलेली काटकसर देवानं नाकात भरून काढली होती. आज एका मसाल्याच्या कारखान्यात माझ्या या नाकाला पगार मिळतो, पण तेव्हा ते फुकट चालायचं.

राजीच्या आईनं डब्याचं झाकण उघडलं आणि तेवढ्यात ठरल्याप्रमाणे माझी आई फाटकात हजर झाली.

"चल पद्मे, औषधाची वेळ झाली."

औषध वगैरे काही नसायचं. वाटायची वेळ झाली की आई मला तिथून हलवायची. पोरी खाताना मी बघत बसू नये, एवढाच त्यातला मतलब. मी रोज जिंकायचे आणि रोज जिंकलेल्या खिरापतीकडे पाठ करून घरी यायचे.

त्या दिवशी मात्र राजी ट्रॉलीसमोर आडवी उभी राहिली.

"थांबा काकू, एक ठरवायचं हाय. ज्यांच्या घरात हादगा न्हाई, त्यांनी ओळखायचं न्हाई. ही सगळ्यांच्या घरात येऊन ओळखती आणि हिच्या घरात हादगा कधीच न्हाई. ह्यो कुठला न्याय?"

"आमच्या घरात पण न्हाई की हादगा," गुलशन म्हणाली. गुलशन आमच्या शेजारची, माझी ट्रॉली ढकलणारी.

"तू कुठं ओळखतीस? तू नुसती खातीस," राजीनं तिला गप्प केलं.

आता गप्प बसेल ती पद्मी कसली! "असंल की आमच्या घरात!" मी म्हणाले. "ह्याच रविवारी. आणि खिरापत अशी असंल की राजे, तुझ्या बापालासुद्धा ओळखायची न्हाई."

"मी बघतोच ते," राजी म्हणाली. आमच्याकडे पोरीसुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आणि भांडताना तर ते फारच शोभून दिसतं.

घरात पाऊल टाकताच आईच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"कुणी सांगितलं होतं बढाया मारायला? गल्लीतल्या पोरी पुढ्यात बसून खाणार आणि तू नुसती बघणार. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत! मला न्हाई जमायचं पद्मे."

"मग मला ओळखायला मिळणार न्हाई."

"नको मिळू दे."

मी भोकाड पसरलं. फुगडीला राजी, गाण्याला गुलशन आणि ओळखायला मी, अशी आमच्या गल्लीची वाटणी होती. ओळखणं गेलं की मी म्हणजे हत्तीशेजारची नुसती खुर्ची. हे मी रडत रडत इतक्या तपशिलात सांगितलं की शेवंताआत्यानं शिलाई मशीन थांबवलं. आत्या पप्पांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहायची, गल्लीचे ब्लाउज शिवायची आणि कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंनी बोलायची.

"पोरीचं खरं हाय," आत्या म्हणाली. "आणि वयनी, तुझं पण खरं हाय."

आईनं डोळे पुसले आणि एक शक्कल लढवली. "बरं. घालूया हादगा. पण खिरापत तुलाही चालंल अशी पायजे. हाय का असं काही? सांग आणि मग बोल."

असं काही नव्हतंच, म्हणून ती निर्धास्त झाली. मी मात्र विचाराला लागले.

आता आमच्या घरातली एक गंमत सांगायला हवी. आमच्या घरात कुणीच जेवायचं नाही. म्हणजे मला तसं वाटावं, अशी चोख व्यवस्था होती. पप्पा कारखान्यातून आले की जाहीर करायचे, "मी खाऊनच आलो," आणि थोड्या वेळानं न्हाणीघरातून भडंगाचा वास यायचा. आत्याचे तर आठवड्यात वारांपेक्षा उपवास जास्त होते, आणि प्रत्येक उपवासाला तिच्या पदराखालून लसणाची चटणी दरवळायची. आई स्वयंपाकघराचं दार लोटून त्यामागे उभ्याउभ्या चार घास खायची, तेही शेजारच्या कारखान्यातले माग खटखटत असतील तेव्हा. पापडाचा आवाज त्या खटखटीत बुडून जायचा ना! मध्येच लाईट गेली की माग थांबायचे आणि आत्याच्या तोंडातला पापड तिथंच मऊ व्हायचा.

मला सगळं कळायचं. कुठल्या भांड्यात काय आहे, कुणी किती खाल्लं आणि कुणाची भाजी करपली, सगळं. पण मी कधी बोलले नाही. इतक्या हौसेनं लपवतात, तर कशाला विरस करायचा! खरं सांगायचं तर खाण्याचा मला हेवा कधी वाटला नाही, चव कशाला म्हणतात तेच कुठं माहीत होतं? मला ते लोटलेलं दार आवडायचं नाही. शेवटी ती तिघंही त्या दारामागे जमायची आणि इकडे मी एकटी.

माझं जेवण म्हणजे तर फारच गंभीर मामला. आई हात धुऊन सिरिंज जोडायची, खांद्याच्या वर धरायची आणि जेवण आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरायचं. त्या वेळी कुणी मला हसवायचं नाही, हा घरातला कडक नियम. कारण मी हसले की पोट दाबलं जायचं आणि उतरलेलं जेवण नळीतून परत सिरिंजमध्ये चढायचं. त्यामुळे माझ्या जेवणाच्या वेळी पप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि आत्या मारुतीचं नाव घ्यायची. दिवसातनं कितीतरी वेळा आमच्या घरात असं सुतक पाळलं जायचं.

त्या संध्याकाळीही तसंच चाललं होतं. मी सिरिंजकडे बघत होते. पिवळट, दाट, गुळगुळीत असं ते खाली उतरत होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आई, हीच!"

"काय हीच?"

"खिरापत! माझं जेवण! मला चालतंय की हे! आणि राजीला जन्मात ओळखायचं न्हाई!"

मला हसू आवरेना आणि जेवण भराभर वर चढायला लागलं.

"हसू नको, हसू नको, वर येतंय!" आई ओरडली. तिनं सिरिंज आणखी वर धरली. "वेडी का काय तू? लोकांच्या पोरींना बोलवायचं आणि हे पाजायचं? नाव ठेवतील गल्लीत."

भिंतीकडून पप्पांचा आवाज आला. "तूच म्हणालीस न्हवं, तिलाही चालंल अशी? आता शब्द फिरवायचा न्हाई."

"पण हे लागतंय तरी कसं?" आत्यानं विचारलं.

आई रोज तांदूळ, मुगाची डाळ, भोपळा आणि नाचणीचं सत्त्व मोजूनमापून शिजवायची, त्यात दूध आणि तेल घालायची, वाटून घ्यायची, फडक्यातून गाळायची. पण त्याची चव बघायचं आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. जिच्यासाठी करायचं, तिची जीभच वाटेत लागत नव्हती.

आत्यानं पातेल्यात चमचा बुडवला, तोंडात घातला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिली.

"पद्मे," ती शेवटी म्हणाली, "हे रोज जातंय व्हय गं तुझ्या पोटात?"

"मला काय विचारतीस? मी कुठं चाखलोय?"

"रंग लावायच्या आधी भिंतीला फासतात न्हवं, तसलं लागतंय."

आईनं घाईघाईनं बोट बुडवून चाटलं. तिचं तोंड असं झालं की पप्पांनी नियम मोडून इकडे वळून बघितलं. डॉक्टरांनी सांगितलेलं चिमूटभर मीठ होतं त्यात, पण ते चिमटीतच राहिल्यासारखं. "एवढी वर्षं मी तुला हे..." आई म्हणाली आणि तिला रडू येणार की हसू, ते तिचं तिलाच ठरवता येईना. आत्यानं लगेच गूळ आणि वेलदोड्याचा डबा काढला. घराण्याची अब्रू राखायची होती तिला.

"वेलदोडा न्हाई!" मी ओरडले. "राजीला वास लागंल. आणि खिरापत माझी हाय. जशी हाय तशीच."

रविवारी आमच्या घरात पहिल्यांदा पाट मांडला. पप्पांनी कामावर जायच्या आधी त्याच्यावर हत्ती काढला, तो जरा म्हशीकडे झुकला होता, पण सोंड भरभक्कम होती. पोरी आल्या, गाणी झाली, फेर झाले, फुगड्यांनी फरशी हादरली. राजीचं गाण्यात लक्ष नव्हतं. ती सारखी नाक वर करून स्वयंपाकघराच्या दिशेनं हुंगत होती. आई दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मग आत्यानं झाकणाचा मोठा डबा आणून मध्ये ठेवला.

राजीनं तो हलवला. आतून डुबुक आवाज आला.

"पातळ हाय!" गुलशन ओरडली. "खीर!"

"न्हाई."

"बासुंदी!"

"न्हाई."

"कढी! मठ्ठा! रताळ्याची खीर!"

"न्हाई, न्हाई, न्हाई." मला ट्रॉलीवर बसवेना. जिंकण्याची मजा मला माहीत होती, पण दुसऱ्यांना हरवत बसण्याची मजा त्याच्या दुप्पट असते हे मला नव्यानं कळत होतं. राजीनं झाकणाच्या फटीला नाक लावलं. डोळे मिटले. पुन्हा लावलं.

"भोपळा हाय," ती म्हणाली. मी खुर्चीची कड घट्ट धरली. "भोपळ्याचं... भोपळ्याचं सूप!"

"न्हाई!"

"भोपळ्याचं... घारग्याचं पीठ पातळ झालं व्हय तुमचं?"

"न्हाई!"

राजी मांडी घालून बसली. कपाळाला हात लावला. हार मानणं तिच्या जिवावर आलं होतं, पण नियम म्हणजे नियम. "हरलो," ती म्हणाली. "सांग."

मी फ्रॉकच्या खालून नळीचं टोक बाहेर काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. "माझं जेवण."

पोरींच्या नजरा नळीवरून डब्यावर गेल्या. शेजारचे माग खटखटत होते, तेवढाच आवाज. मी आईकडे बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती आता पुढे येऊन डबा उचलून आत नेणार, असं मला स्पष्ट दिसलं. ती एक पाऊल पुढे आलीसुद्धा.

"म्हणजे आज पद्मी पण खाणार?" गुलशननं विचारलं.

"मग! तुमच्याबरोबर."

"तर काकू, वाढा की," राजी म्हणाली. "बघताय काय?"

आईचं पाऊल तिथंच थांबलं. आत्यानं स्टीलचे छोटे पेले भरले. पोरींनी ते हातात घेतले, पण कुणी तोंडाला लावेना. आधी मला मिळायला हवं होतं. आईनं सिरिंज जोडली, तर राजी पुढे सरसावली. "मी धरतो."

माझी सिरिंज आईशिवाय कुणी कधी धरली नव्हती. पप्पांनीसुद्धा नाही. आईनं राजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हात धुऊन ये," ती म्हणाली. "साबणानं."

राजी धुऊन आली. आईनं तिचा हात धरून वर केला. "खांद्याच्या वर. अस्सं. आणि हिला हसवायचं न्हाई, काय?"

"काय झालं हसवलं तर?"

"वर येतंय."

हे सांगायला नको होतं. आत्यानं सिरिंजमध्ये ओतलं, पोरींनी एकदम पेले तोंडाला लावले आणि एकदमच त्यांची तोंडं वाकडी झाली. गुलशन गिळायचं की थुंकायचं ह्या विचारात गाल फुगवून बसली. आणि राजीनं एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात पेला, एक घोट घेतला, विचार केला आणि आईला म्हणाली, "काकू, ह्यात काही घालायचं ऱ्हायलंय काय? म्हणजे... चव?"

मी फुटले. पोटातून, पायाच्या नखापासून हसले. जेवण सरसर वर चढलं, राजी "आलं, आलं, आलं!" म्हणून किंचाळली, तिनं हात वर करायच्या ऐवजी सिरिंजमध्ये डोकावून बघितलं आणि कारंजं उडालं. राजीच्या नाकावर, गुलशनच्या वेणीवर आणि उरलेलं सगळं पाटावरच्या हत्तीवर. सोंडेवरून भोपळा ओघळायला लागला.

मी आईकडे बघितलं.

आईचा खांदा हलला. मग दुसरा हलला. तिनं भिंतीला हात टेकला, खाली बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना, नुसतं त्या हत्तीकडे बोट. मी आईला असं हसताना कधीच बघितलं नव्हतं. तिचं बघून आत्या, आत्याचं बघून पोरी, आणि कामावरून आलेले पप्पा दारातच उभे राहिले. काय झालं हे न विचारताच त्यांनी एक पेला उचलून घटाघटा प्यायला आणि गंभीरपणे म्हणाले, "हे आपल्या घरातलंच हाय." त्यावर तर राजी आडवी पडून हसली. माझं जेवण पुन्हा भरायला लागलं. पुन्हा वर आलं. तिसऱ्यांदा कुठं ते पोटात राहिलं.

"पद्मे," जाताना राजी नाक पुसत म्हणाली, "उद्या आमच्यात ओळखायला ये. पण आल्यावर शेवटपर्यंत थांबायचं. तुझ्या खिरापतीला आम्ही थांबलो न्हवं?"

"मी सांगतो आईला," मी म्हणाले. आई तिथंच उभी होती. ती पेले गोळा करत राहिली.

संध्याकाळी माग पुन्हा जोरात खटखटायला लागले. आई म्हणाली, "आम्ही जरा आत आवरतो हं." आणि दार लोटलं गेलं.

मी थोडा वेळ थांबले. मग दिवसभराच्या हसण्यानं माझी जीभ सैल झालेली, ती काही आवरली नाही.

"आई!" मी इथूनच हाक मारली. "आज पिठलं हाय न्हवं?"

आत भांड्याचा आवाज बंद झाला.

"आणि खाली लागलंय. पप्पा, तुम्ही कांदा फोडलाय, मोठा. आत्याबाई, तुझा उपवास असू दे, पदराखाली पापड हाय, मोडंल बघ."

मग दार उघडलं. तिघं ओळीनं उभी होती. पप्पांच्या हातात कांदा, आत्याच्या पदराला आकार आलेला.

"तुला कधीपासनं कळतंय?" आईनं विचारलं. तिचा आवाज चोरी पकडलेल्या पोरीसारखा बारीक झाला होता.

"पयल्यापासनं. नाकात न्हाई काही नळी घातलेली माझ्या."

"आणि बोलली न्हाईस?"

"तुम्ही एवढं मजेत लपवत होता." पुढचं बोलताना मात्र मला हसू आलं नाही. "मला खायला नको आई. मला नुसतं बसायचंय. तुमच्यात."

आई माझ्याजवळ आली आणि माझं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. तिच्या साडीला पिठल्याचा वास येत होता. आत्यानं पदराखालून पापड काढला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा कडाकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ट्रॉलीसमोर चटई अंथरली गेली. आई एक पातेलं घेऊन आली, त्याच्यावर ताट झाकलेलं. ते तिनं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि मांडी घालून बसली.

"ओळख बघू."

भरली वांगी होती. सकाळी तिनं तीळ भाजले, तेव्हापासून मला माहीत होतं. झाकणाच्या कडेनं काळ्या मसाल्याचा वास नुसता उतू जात होता. मी तोंड उघडलं आणि आईकडे बघितलं. तिचे डोळे झाकणावर खिळलेले होते.

"कोबी?" मी म्हणाले.

"चूक."

"बटाटा?"

"चूक!" आईनं मांडीवर थाप मारली.

"मटकी?"

"चूक, चूक, चूक! हरलीस?"

"हरलो," मी म्हणाले. "सांग."

आईनं ताट उचललं, "भरली वांगी!" असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली आणि माझ्याकडे बघत भाकरीचा भलामोठा घास तोंडात घातला. मी तिला खाताना पहिल्यांदा बघत होते. ती डाव्या बाजूनं चावते, हे मला माहीतच नव्हतं.

"कशी झालीत?" मी विचारलं.

"मीठ कमी पडलंय," आई भरल्या तोंडानं म्हणाली आणि तिनं दुसरा घास घेतला.